थोरलीचा वारसा

'वारस' आणि 'वारसा' या दोन शब्दांत फरक एका कान्याचा. पहिला माणसाला लागतो, दुसरा बहुतेक वेळा भिंतींना. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसच्या आवारात उभं राहिलं की हा कान्याचा फरक मला फार मोठा वाटू लागतो. कौलारू छपरं, रंगीत काचांच्या खिडक्या, सागवानी काम, मागे खाली भाट्याची खाडी. हे सगळं आज वारसा आहे, सरकारच्या देखरेखीखाली आहे, सहलीची मुलं रांगेनं ते बघून जातात. पण हा पॅलेस ज्याच्यासाठी बांधला, त्या ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाची रत्नागिरीत जन्मलेली नात याच गावात हलाखीत जगली आणि २००० साली वारली. तिला वारस म्हणावं की नाही, याचा निर्णय आपण तिच्या हयातीत कधी केलाच नाही.

हा निर्णय इतका अवघड का झाला, ते समजून घ्यायला थिबाच्या राजधानीपासून, ब्रह्मदेशातल्या मंडालेपासून सुरुवात करावी लागते. तिथे वारस म्हणजे रक्त, आणि तेही शक्य तितकं एकाच घरातलं. राजानं आपल्या सावत्र बहिणीशी लग्न करावं, म्हणजे पुढच्या पिढीत बाहेरचा थेंब मिसळत नाही, अशी ती रीत. थिबा आणि राणी सुपयालत दोघंही मिंडान राजाचीच लेकरं, आया वेगळ्या. १८७८ साली मिंडान गेला आणि थिबा गादीवर आला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत राजवाड्यातले ऐंशीच्या आसपास नातलग मारले गेले. ज्याच्या अंगात राजरक्त तो गादीचा दावेदार, म्हणून तो जिवंत नको, हा त्यामागचा हिशेब. वारस असणं हे त्या वाड्यात भाग्य होतं आणि मृत्यूचं कारणही. सप्टेंबर १८८० मध्ये थोरली राजकन्या म्यात फाया ग्यी जन्मली ती या वातावरणात.

ती पाच वर्षांची असताना राज्य गेलं. निमित्त सागवानाच्या व्यापाराचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला ब्रह्मी दरबारानं मोठा दंड केला, इंग्रजांनी त्याचं युद्ध केलं, आणि २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा-राणीला बैलगाडीत बसवून इरावतीच्या धक्क्यावर नेण्यात आलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. जागा विचार करून निवडलेली होती. रेल्वे नाही, बोट हाच मार्ग, आणि पावसाळ्यात तोही बंद. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला मरून तेव्हा चोवीस वर्षं होत आली होती; आता रंगूनच्या बाजूचा राजा इकडे आला.

इथे वारस या कल्पनेचं दुसरं रूप सुरू होतं. इंग्रज सरकारला राजरक्ताची पूजा करायची नव्हती, पण त्याची धास्ती मात्र होती. त्यामुळे चार राजकन्या या सरकारी कागदांत खर्च आणि जोखीम होऊन बसल्या. तिसरी मद्रासला जन्मली होती, चौथी इथेच, रत्नागिरीत. भत्ता किती, घराचं भाडं किती, दागिने विकायला परवानगी द्यायची का, लग्नं कुणाशी लावायची. मंडालेच्या रीतीप्रमाणे योग्य असा वर या किनाऱ्यावर कुठून येणार? मुली वाढत गेल्या, वय उलटत गेलं. नोकरचाकर कोकणातले, म्हणून मराठी त्यांच्या तोंडी बसली. आईबाप ब्रह्मदेशाकडे डोळे लावून बसलेले, आणि मुलींच्या कानावर पडणारी भाषा मात्र इथल्या अंगणातली.

थोरलीच्या मनात काय चाललं होतं, ते कागदांतून कळत नाही. कागदांत ती दिसते ती परवानगी, पैसा, घर अशा निमित्तानं. एवढंच कळतं की घराण्याच्या नोकरीतल्या गोपाळ सावंत या मराठी माणसाशी तिचे संबंध जुळले. तो दारवान होता, त्याचं लग्न झालेलं होतं. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. टूटू. राजघराण्याला बसलेला धक्का आणि अधिकाऱ्यांची धावपळ आपण कल्पू शकतो. पण लोकांनी आजवर या गोष्टीला 'राजकन्येची शोकांतिका' असंच नाव का दिलं, याचा मात्र शांतपणे विचार करायला हवा. ज्या बाईला पाचव्या वर्षापासून दुसऱ्यांनी ठरवलेल्या घरात, दुसऱ्यांनी ठरवलेल्या भत्त्यावर राहावं लागलं, तिनं पंचविशीत पहिल्यांदा एक गोष्ट स्वतः ठरवली. तिची किंमत तिनं पुरती मोजली. मला त्यात पडझड दिसत नाही.

राजवाडा बांधून झाला तो नंतर, १९१० मध्ये. चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर थिबाला तो मिळाला, आणि त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१२ मध्ये थिबाची दुसरी, धाकटी राणी गेली, डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. दुसऱ्या राजकन्येनं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती पुढे कालिम्पाँगला स्थायिक झाली. १९१९ मध्ये सुपयालतला रंगूनला परतायची मुभा मिळाली. राजाचा देह मात्र नेऊ दिला नाही. तो रत्नागिरीच्या शिवाजीनगरात धाकट्या राणीशेजारी समाधीत राहिला.

आणि आता ती घटना, जिच्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. थोरलीही टूटूला घेऊन रंगूनला गेली होती. जन्मभूमी, आईची भाषा, राजकन्या म्हणून वाकणारी माणसं, सगळं तिथे होतं. तरी ती परत आली. रत्नागिरीला. त्या घराण्यातल्या प्रत्येकाला इथे आणलं गेलं होतं किंवा इथे जन्माला यावं लागलं होतं. आपणहून या गावी आलेली माणसं दोनच, ही आई आणि तिची लेक. निर्वासन संपल्यावर निर्वासनाच्या जागी परतणाऱ्या बाईनं त्या जागेचं नावच बदलून टाकलं. आपल्याकडे अशा परतण्याला एक शब्द आहे, माहेर. तो तिनं कधी वापरला असेल का, कोण जाणे. तिच्यासाठी मला तोच सुचतो.

धाकटी, चौथी राजकन्या, याच्या अगदी उलट गेली. जन्म रत्नागिरीचा, पण ब्रह्मदेशात राहून तिनं सरकारकडे घराण्याचे हक्क मागितले, नगामाउक हे प्रसिद्ध माणिक परत मागितलं. सरकारनं तिला रंगूनपासून दूर मोलमीनला पाठवलं आणि १९३६ मध्ये ती तिथेच वारली. तिचा दावा खरा होता आणि मला तिच्याविषयी आदर आहे. दोघी बहिणींनी वारसा या शब्दाचे दोन अर्थ जगून दाखवले: एकीनं गेलेलं मागितलं, दुसरीनं असलेलं जवळ धरलं.

थोरली परतल्यानंतरचं रत्नागिरी स्वतःच कुळाच्या प्रश्नाशी झुंजत होतं. १९२४ पासून सावरकर इथे स्थानबद्ध होते; सहभोजनं होत होती, १९३१ मध्ये सर्व जातींना खुलं असं पतितपावन मंदिर उभं राहिलं. रक्त आणि पंगत यांचा संबंध काय, यावर गावात रोज वाद झडत होते. त्याच गावात राजरक्ताची एक बौद्ध बाई आणि तिची अर्धी मराठी मुलगी राहत होत्या. या चर्चेत त्यांची आठवण कुणाला झाली असेल, असं मला वाटत नाही. सुधारणेच्या सभा मांडवात होतात, आणि तिची सगळ्यात कठीण परीक्षा चार घरं पलीकडे निमूट चाललेली असते. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने राहिले असताना, थोरली वारली.

पुढे टूटूचं आयुष्य. लग्न मराठी माणसाशी, संसार मराठी, मुलंबाळं मराठी, पैसा नाही. तिच्या आयुष्यात या देशातल्या वारसाच्या कल्पनेनं मोठं वळण घेतलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि, ती गेल्यावर, २००५ मध्ये साऱ्या देशानं वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकीच वारस मानलं. आणि तरीही आपल्या कोकणातल्या किती घरांत आजही सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागण्याआधी हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली जाते, ते आपल्याला ठाऊक आहे. भावानं दिलेल्या साडीची घडी मोडायच्या आधी तिनं जमिनीवर पाणी सोडलेलं असतं. एका राजाच्या नातीला काही मिळालं नाही याचं आपल्याला आश्चर्य वाटावं, असं आपलं वागणं मुळी नाहीच.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले आणि समाधीपुढे वाकले. डिसेंबर २०१६ मध्ये शंभराव्या स्मृतिदिनाला थिबाचे म्यानमारमधले वंशज आले. एका रक्ताच्या दोन शाखा, एकीची मातृभाषा ब्रह्मी, दुसरीची मराठी. मंडालेच्या हिशेबानं ही दुसरी शाखा मोजायचीच नाही. इंग्रजांच्या हिशेबानं तिचा भत्ता कधीच संपला. आपला हिशेब कोणता?

माझं म्हणणं एवढंच आहे की थिबा पॅलेसमध्ये येणाऱ्या मुलांना राजाचा इतिहास सांगताना थोरलीचं परतणंही सांगावं. राजा इथे कैदी म्हणून आला, हे त्यांना पाठ असतं. त्याची मुलगी इथे राहायला म्हणून आली, हे त्यांच्या कानावर पडायला हवं. पुढच्या खेपेला तुम्ही रत्नागिरीला जाल तेव्हा खाडीचा देखावा बघून माघारी फिरू नका. शिवाजीनगरच्या समाधीपर्यंत जा, आणि तिथे म्यात फाया ग्यी आणि टूटू ही दोन नावं बरोबरच्या मुलांना सांगा.