वस्तू नव्हे, थर

शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरांवरून पुण्यात वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. 2010 च्या कायदादुरुस्तीने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आली, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगीची अट. मोडकळीला आलेल्या वाड्यांचे मालक आणि भाडेकरू दोघेही त्यात अडकले. त्यांची तक्रार रास्तच आहे. पावसाळ्यात भिंत अंगावर येईल या धास्तीने झोपणाऱ्याला वारशाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? पण हा सगळा वाद अंतराचा आहे. खोलीचे कोणी बोलतच नाही.

राष्ट्रकूटांच्या 758 आणि 768 च्या ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख आहे. पेशवाई ही या गावाची अलीकडची गोष्ट. एवढी वर्षे माणसे एका जागी नांदली की पांढरी, म्हणजे वस्तीच्या मातीचा थर, चढत जाते. पूर्वी घर पडले की त्याच्याच मातीवर नवे उभे राही, जुने खाली शाबूत राही. आजची इमारत आधी दोन मजली पार्किंगसाठी खाली जाते. जुन्या पेठेत असा खड्डा दिसला तर त्याची कड जरा थांबून पाहावी. वर विटा-चुन्याचा राडारोडा, त्याखाली सारवलेल्या जमिनींच्या बोटभर पट्ट्या, मध्येच चुलीच्या राखेचा काळा डाग, मग खापऱ्यांनी भरलेली करडी माती आणि तळाशी कोरा मुरूम. जेसीबीला हे सगळे उचलायला फार दिवस लागत नाहीत. डंपर ते कुठल्यातरी भरावावर ओतून येतो.

वाडे जसेच्या तसे ठेवा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांतल्या बहुतेकांना तिथे राहायचे नसते. ‘खणाल तिथे इतिहास, मग बांधायचे कुठे?’ हा प्रश्नही गैरलागू आहे, कारण बांधू नका असे मी म्हणतच नाही. मला खटकतो तो समंजस दिसणारा तिसरा पक्ष: ‘काही सापडलेच तर कळवू, संग्रहालयात ठेवू.’ सापडले हे ठरवणार कोण? जेसीबीवाला? त्याला नाणी भरलेला हंडा दिसेल कदाचित, राखेचा डाग दिसणार नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. आपला 1878 चा निखात निधी कायदाही याच दृष्टीचा: दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही जमिनीत मिळाले तर कलेक्टरला कळवा. खापरीची किंमत दहा पैसेही नाही.

समजा, वस्तू ओळखली आणि जपलीही. तरी काय हाती राहिले? कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. आज ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. तिच्याबरोबर कांस्याची भांडी होती, आरसा होता. 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्या टेकाडात पद्धतशीर उत्खनन केले, सातवाहनकाळातली विटांची घरे उजेडात आणली. मूर्ती रोमन जगातून आली हे तिच्या घडणीवरून कोणीही जाणकार सांगेल. पण ती कोल्हापूरच्या कोणत्या काळात, कशा वस्तीत वापरात होती, हे मूर्ती सांगत नाही. ते टेकाडाचे थर सांगतात. हीच मूर्ती डंपरमधून घरंगळली असती, तर एखाद्या शौकिनाच्या कपाटातली शोभेची चीज ठरली असती. म्हणून ‘वस्तू वाचवू’ हे आश्वासन मला अर्धेही वाटत नाही. वस्तू दुसरीकडे नेऊन जपता येते, थर नेता येत नाही. तो जागेवरच वाचावा लागतो, आणि एकदाच.

इंग्लंडने 1990 पासून खोदण्याआधी थरांची तपासणी बांधकाम परवान्याच्या प्रक्रियेत आणली आणि खर्च बांधणाऱ्यावर टाकला. तिथली घरबांधणी त्यामुळे थांबली नाही. आपल्याकडे स्मारकाच्या तीनशे मीटरांपलीकडे गेलात की जमिनीखाली काय आहे हे कोणी विचारत नाही, मग जागा भर गावठाणात का असेना. वाडा उतरवून झाल्यावर आणि तळघर खणण्याआधी दोन-तीन चाचणीखड्डे मुरुमापर्यंत घ्यावेत, थरांची मोजमापे आणि रेखाटने नकाशाबरोबर दाखल करावीत, खर्च वाढीव एफएसआयमधून निघावा. माणसे लागतील; पुरातत्त्व शिकवणारे डेक्कन कॉलेज येरवड्यातच आहे.

आणि त्या खड्ड्यांत नुसती राख आणि खापऱ्याच निघाल्या तर? तर त्याच हव्या आहेत. नदीकाठची वस्ती आजच्या कसबा पेठेत कधी पसरली, मध्ये कधी ओस पडली, हे कोणत्याही बखरीत लिहिलेले नाही.