कादंबरीतील चमत्कार खरे मानावेत काय?

लेफ एंगर या अमेरिकन ग्रंथकाराची ‘पीस लाइक अ रिव्हर’ ही इंग्रजी कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत १९६२ च्या सुमारास मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या एका गरीब कुटुंबाची कथा आहे. ती वाचून एक बंधू विचारितात, ‘यांतील माणसे आपल्यासारखीच आहेत, परंतु मध्येच चमत्कार घडतो आणि मन अडखळते. हे खरे कसे मानावे? न मानल्यास आपला विश्वास उणा ठरतो काय?’ शंका प्रामाणिक आहे. यास्तव तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम कथेविषयी थोडेसे. जेरेमाया लँड हा शाळेत झाडलोट करणारा देवभीरू मनुष्य. त्याचा मुलगा रूबेन ही कथा सांगतो. रूबेन जन्मला तेव्हा बारा मिनिटे श्वास घेईना. बापाने देवाच्या नावाने आज्ञा केली आणि मूल श्वास घेऊ लागले. पुढे एके रात्री बाप प्रार्थनेत गढून उघड्या ट्रकवर येरझारा घालीत असता कडेपलीकडे गेला व अधांतरी चालला, असे रूबेन सांगतो. पाहणारा तो एकटाच.

आता कादंबरी ही साक्ष नव्हे. ग्रंथकार ती कल्पित म्हणूनच आपणांपुढे ठेवितो. यास्तव तीतील चमत्कार न मानल्याने कोणी अविश्वासी ठरत नाही. उलट, उपदेशकाने तो प्रसंग घडलेल्या गोष्टीप्रमाणे मंडळीत सांगितला तर ते असत्य होईल. आणि ते उघडकीस आले म्हणजे श्रोते शुभवर्तमानाकडेही त्याच संशयाने पाहतील.

मग अशा चमत्काराची पारख कशाने करावी? त्याने पात्रांची संकटे आयती टळत असतील, तर ती ग्रंथकाराची पळवाट समजावी. एंगर तसे करीत नाही. शाळेचा अधिकारी जेरेमायास सर्वांदेखत कामावरून काढितो. तोच जेरेमायाचा हात लागून त्या अधिकाऱ्याचा पुटकुळ्यांनी भरलेला चेहरा स्वच्छ होतो. इकडे पोटचा मुलगा रूबेन दम्याने तळमळतो, तो तसाच राहतो! त्यास याचा रागही येतो. थोरला डेव्ही घरात शिरलेल्या दोघांस गोळी घालून ठार करितो. कोणताही चमत्कार त्याचा हात आवरीत नाही. शेवटी एका दुष्टाच्या गोळीने बाप व रूबेन दोघेही पडतात. रूबेन वाचतो व त्याचा दमा जातो, परंतु बाप मरण पावतो. कथा मनास पटते ती यामुळेच.

रूबेनचा राग आपल्या गावांतही ऐकू येतो. ‘शेजारणीचे बरे झाले, माझे लेकरू का नाही?’ असे आई विचारते, तेव्हा ‘बाई, तुझा विश्वास कमी’ हे उत्तर सोपे आहे आणि निर्दयही आहे. पवित्र शास्त्र तसे सांगत नाही. पौलाने मिलिता बेटावर पुब्ल्याच्या आजारी बापास हात ठेवून बरे केले. त्याच पौलास त्रफिमास मिलेतात आजारी ठेवून पुढे जावे लागले, आणि त्याच्या स्वतःच्या देहातील काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. शास्त्राने हे झाकून ठेविले नाही. जे घडले नाही तेही जो साक्षी मोकळेपणी सांगतो, त्याच्या शब्दास वजन येते.

म्हणून, प्रिय बंधूंनो, कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचा, आणि तीतील चमत्कार पटला नाही तर भिऊ नका. परंतु धापा टाकणारे लेकरू दिसल्यास त्याच्या आईबापांच्या विश्वासाचे माप घेऊ नका. प्रार्थना करा, त्यास दवाखान्यात पोहोचवा, आणि रात्र पडल्यावर त्या आईसोबत जागत बसा.