गुलाबाची साक्ष

माझ्या बहिणीच्या घरी बैठकीच्या खोलीत एक तसबीर लावलेली आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर लाल पाकळ्यांचे फूल उमलावे तसे तिच्यात काहीतरी दिसते. खाली मोठ्या अक्षरांत ‘आकाशातील गुलाब’ असे लिहिलेले आहे आणि त्याखाली सूरह रहमानमधील एका आयतीचा क्रमांक. ही तसबीर मीच दिलेली. २००६ साली मिलादच्या कार्यक्रमात ‘कुरआन आणि विज्ञान’ या विषयावर मी बोललो होतो. तेव्हा या चित्राच्या प्रती लॅमिनेट करून वाटल्या होत्या. लोकांनी ‘सुब्हानल्लाह’ म्हटले, हात मिळवले. आपण दीनची मोठी सेवा केली, असे मला मनापासून वाटले.

गेल्या वर्षी बारावी सायन्सला असलेल्या भाचीने त्याच तसबिरीखाली बसून विचारले, “मामू, हे रंग खरे नाहीत. तुम्हाला माहीत होतं का?”

मला माहीत नव्हते. मी थोडी सारवासारव केली. तिने शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, “मग भाषणात बाकी जे सांगितलं होतं, तेही असंच आहे का?”

हा दुसरा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आधी चित्राविषयी. ज्याला आपण गुलाब म्हणतो, त्याला खगोलशास्त्रात ‘मांजरीचा डोळा’ असे नाव आहे. कालेय तारकासमूहातील हा तेजोमेघ विल्यम हर्शल यांनी १७८६ साली दुर्बिणीतून शोधला. तो आपल्यापासून सुमारे ३,००० प्रकाशवर्षे दूर आहे. हे फूलही नव्हे आणि डोळाही नव्हे. आयुष्याच्या अखेरीस आलेला एक तारा आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देत आहे, त्या वायूचे हे रूप आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात या मेघाभोवती एकात एक अशी निदान अकरा कवचे मोजता आली. ताऱ्याने सुमारे १,५०० वर्षांच्या अंतराने एकेक उसासा टाकावा, तशी ती बाहेर पडली. सुमारे ५०० कोटी वर्षांनी आपला सूर्यही आपले थर असेच सोडून देईल.

आता रंगांविषयी. हबलचा कॅमेरा कृष्णधवल छायाचित्रे घेतो. पुढे निरनिराळे फिल्टर लावून ठरावीक प्रकाश तेवढा टिपायचा आणि मग प्रत्येक छायाचित्राला एकेक रंग देऊन ती एकत्र करायची, अशी पद्धत आहे. १९९४ सालच्या या प्रसिद्ध चित्रात हायड्रोजनच्या प्रकाशाला लाल, नायट्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या एका प्रकाशाला निळा रंग दिला गेला. गंमत अशी की, हे तिन्ही प्रकाश मुळात लालच आहेत. नुसत्या डोळ्याला त्यांतला फरक कळला नसता, म्हणून शास्त्रज्ञांनी ते वेगवेगळे रंगवले. आणि हाच मेघ साध्या दुर्बिणीला डोळा लावून पाहिला तर निळसर हिरवा दिसतो. तिथे गुलाब कुठेच नाही.

मग शास्त्रज्ञांनी फसवले का? नाही. कोणत्या प्रकाशाला कोणता रंग दिला, हे त्यांनी चित्रासोबतच सांगितले होते. नकाशात समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी दाखवतात तसेच हे. फसवणूक सुरू होते ती सोबतचा मजकूर कापून टाकल्यावर, आणि त्या जागी आपल्याला हवा तो मजकूर लिहिल्यावर. ते काम माझ्यासारख्या माणसांनी केले. ज्या आयतीचा क्रमांक मी छापला, तिच्यात कियामतच्या वेळी आकाश फाटण्याचा विषय आहे, असे जुने मुफस्सिर सांगत आले. मी तिला तीन हजार प्रकाशवर्षांवरच्या एका मरणाऱ्या ताऱ्याला बांधून टाकले. हा अधिकार मला कोणी दिला?

असे करणारा मी एकटा नाही. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर अजान ऐकली आणि ते मुसलमान झाले, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी ऐकली असेल! ती इतकी पसरली की, १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतील आपल्या वकिलातींना त्यांच्या वतीने खुलासा कळवावा लागला. चंद्रावर हवा नाही, तिथे आवाज कानापर्यंत पोहोचणार कसा, एवढा साधा विचारही आपण केला नाही. हा आजार फक्त आपल्या समाजात आहे असेही नाही. आपल्या पोथीत आधीच सारे विज्ञान होते, असे म्हणणारे सर्वच धर्मांत भेटतात. पण दुसऱ्याच्या घरातील अंधार दाखवून आपल्या घरात उजेड पडत नाही.

दुःख याचे वाटते की, आपली परंपरा याच्या नेमकी उलट आहे. हदीस जमवणाऱ्या विद्वानांनी एकेका वाक्यासाठी रावींची साखळी तपासली. कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले, सांगणारा सच्चा होता का, त्याची स्मरणशक्ती चांगली होती का, हे सारे पारखले. त्यांचे वारस म्हणवणारे आपण, ज्याचा रावीच माहीत नाही असे चित्र डोळे मिटून शंभर जणांना पाठवतो.

दहाव्या शतकातील अब्दुर्रहमान अल्-सूफी यांचेच पाहा. इ.स. ९६४ च्या सुमारास त्यांनी स्थिर ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ लिहिला. टॉलेमीसारख्या थोर ग्रीक पंडिताची तारकासूची त्यांच्यापुढे होती. पण त्यांनी ती नुसती उतरवून काढली नाही. ताऱ्यांचे तेज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि जिथे चूक दिसली तिथे तसे लिहिले. देवयानी तारकासमूहात त्यांना एक लहानसा ढगाळ ठिपका दिसला, त्याची नोंद त्यांनी केली. तो काय आहे याचा मोठा दावा केला नाही. जेवढे दिसले तेवढीच साक्ष दिली. पुढे साडेनऊशे वर्षांनी, १९२३ साली, एडविन हबल यांना त्याच ठिपक्यात एक बदलता तारा सापडला, आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध झाले. अल्-सूफींची नोंद आजही खरी आहे, कारण तिच्यात पदरचे काही घातलेले नव्हते.

चुका शास्त्रज्ञही करतात. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी याच ‘मांजरीच्या डोळ्या’चा वर्णपट तपासला आणि हा तारकांचा पुंजका नसून वायू आहे हे दाखवले. त्यातील काही हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात. पुढे त्या अज्ञात द्रव्याला ‘नेब्युलियम’ असे नावही पडले. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवले की, तो अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजनच आहे. नेब्युलियम पुस्तकांतून गेले आणि कोणाची नाचक्की झाली नाही. पण समजा, कोणी नेब्युलियमलाच एखाद्या आयतीचा पुरावा ठरवले असते तर? पुरावा पडला असता आणि मुलांच्या मनात त्याबरोबर आणखी काय पडले असते, हे भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाने मला कळले.

मी मशिदीच्या कमिटीकडे दहा मिनिटे मागितली आणि जुन्या भाषणातील चूक सांगितली. एक बुजुर्ग नाराज झाले. म्हणाले, “अरे, नियत चांगली होती ना? मग एवढं काय?” नियत चांगली होतीच. पण चांगल्या नियतीने दिलेली खोटी साक्ष खरी होत नाही, आणि खोटी साक्ष आपल्याकडे मोठा गुनाह मानली आहे. कायनात पाहून माणसाचे मस्तक झुकावे, हे योग्यच आहे. तिचा उपयोग आपण वाद जिंकण्यासाठी करू लागलो की साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगायचे असते.

तसबीर बहिणीच्या घरी आजही आहे. खालचा मजकूर भाचीने बदलला. आता तिथे तेजोमेघाचे नाव, अंतर आणि कोणत्या प्रकाशाला कोणता रंग दिला, हे लिहिले आहे. पाहुणे अजूनही तिच्यापुढे थांबतात, अजूनही ‘सुब्हानल्लाह’ म्हणतात. त्यासाठी गुलाबाची गरज नव्हती.