अर्धा किलो कोळसा

घरातली जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की थोडा वेळ बसा. मांडी घालूनच बसायला हवं असं नाही; गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची घ्या. डोळे मिटू नका. खिडकी उघडी राहू द्या. ठाण्यात असाल तर घोडबंदर रोडची वाहनं ऐकू येतील, डोंबिवलीत असाल तर लोकलचा भोंगा. ते आवाज घालवायचे नाहीत, त्यांच्यासकट बसायचं.

वर पंखा फिरतो आहे. साधा, 75 वॉटचा. रात्रभरात 10 तास चालला की पाऊण युनिट होतं. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज काढायला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे एका रात्रीच्या झोपेला अर्धा किलो. आता मनातल्या मनात ओंजळ करा आणि तो अर्धा किलो तिच्यात घ्या. घाई नको. कडा टोचतात, बोटांना काळं लागतं. आपल्या कोळशात राख फार. या एवढ्याशा ढिगाऱ्यातून दीडशे-दोनशे ग्रॅम राख मागे उरते. ती कल्याणला येत नाही.

पूर्वी ती इथेच उरायची. ठाकुर्लीला रेल्वेचं चोळे पॉवरहाऊस होतं, 1929 च्या सुमाराचं. गाड्यांसाठी लागणाऱ्या विजेचा कोळसा तिथे जळायचा आणि धूर इथल्याच हवेत जायचा. ते बंद पडून कितीतरी वर्षं झाली. गाड्या थांबल्या नाहीत. जळायची जागा तेवढी बदलली.

आता नजर थोडी लांब न्या. कल्याणहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की पडघा येतं. तिथल्या वीज उपकेंद्रात चंद्रपूरहून निघालेली एक तार येऊन पोचते: साडेसातशे किलोमीटर लांब, 500 किलोव्होल्टची, 1500 मेगावॉट वाहून आणणारी. 1999 मध्ये ती सुरू झाली. पलीकडच्या टोकाला महाऔष्णिक वीज केंद्राची धुराडी, शेजारी दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी, पुढे घुग्घुस, बल्लारपूर, सास्ती. तुमच्या पंख्यात नेमका कुठल्या खाणीतला कोळसा फिरतो हे कुणालाच सांगता येणार नाही. ग्रीडमध्ये सगळी वीज मिसळून जाते. पण तार आहे, आणि ती तिकडून इकडे येते. एवढंच मनात धरा. एक श्वास घ्या, सोडा.

आणि आता तारेच्या उलट दिशेने निघालेली माणसं बघा. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, कल्याण स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट बघणारी. ‘तिकडच्या गरीब लोकांसाठी काहीतरी करायचं’ असं ठरवून निघालेली. त्यांच्यात स्वतःला उभं करा. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, तो चांगलाच आहे. बाबा आमट्यांनी 1967 साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली तेव्हापासून शहरातली पोरं चंद्रपूर जिल्ह्यात टिकाव-फावडं धरायला जातातच. सोमनाथ खाणींच्या पट्ट्यात नाही, ते जंगलाच्या आणि भाताच्या मुलखात आहे. पण तिथे जायला ज्या वरोऱ्यावरून पुढे जातात, त्या वरोऱ्यापर्यंतचा रूळ एकोणिसाव्या शतकात कोळशासाठीच टाकला गेला. छावणीच्या नावातच मात्र प्रामाणिकपणा आहे: संस्कार येणाऱ्यावर व्हायचा आहे. आठ दिवसांत गावाचं भलं केलं असा दावा तिथे कुणी करत नाही. वह्या-पेन्सिली वाटून, रांगेत उभ्या केलेल्या मुलांबरोबर फोटो काढून परतणाऱ्या सहलींबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

पुढे चला. खाणीलगतचं एखादं गाव. नाव देऊ नका त्याला. मे महिना आहे, पारा 46 च्या पुढे. गावामागे जो डोंगर दिसतो तो डोंगर नाही. कोळशावरची माती उकरून टाकलेला ढिगारा आहे. एका अंगणात तारेवर पांढरा सदरा वाळतोय. त्याच्याजवळ जा. खांद्याच्या शिवणीत बारीक काळी पूड बसली आहे, झटकली तर पसरते. घरातली बाई सदरा पुन्हा पाण्यात घालत नाही, उलटा करून घडी घालते. डोंबिवलीकराला हवेतली घाण समजावून सांगायला नको. 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला आपण बघितला आहे. तरी इथे बोलायची घाई करू नका.

गावात सगळेच गरीब नाहीत, हे लक्षात येऊ द्या. ज्याची जमीन खाणीत गेली त्याच्या घरी मोबदला आला, कुणाला ‘वेकोलि’ या कोळसा कंपनीत नोकरी लागली; दारात मोटारसायकल आहे, मुलगी नागपूरला शिकते. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायचा, त्याचं कामही गेलं आणि कागदावर त्याचं काहीच गेलं नाही. मोबदल्याच्या यादीत नाव नसलेल्या माणसाजवळ जरा जास्त वेळ बसा. या मननात तीच खरी जागा आहे.

तो माणूस, किंवा त्याची बायको, पाण्याचा गडवा पुढे करते आणि विचारते, “तुमच्या तिकडे लाईन जाते का जी?”

उत्तर लगेच देऊ नका. ‘फारशी नाही जात’ हे खरं आहे. ते म्हणताना मनात काय हलतं ते बघा. लाज वाटली तर वाटू द्या, पण तिला कुरवाळत बसू नका; अपराधी वाटून घेण्यात आपण पुन्हा आपल्याकडेच बघू लागतो आणि ती बाई गडवा धरून उभीच राहते. पाणी प्या. मग तिला विचारा: विहिरीला पाणी किती महिने असतं, सुरुंग उडतो तेव्हा भिंतीला काय होतं, रोजी कुठे मिळते, किती मिळते. ती जे सांगेल ते सगळं तुम्हाला आवडेलच असं नाही. कदाचित ती म्हणेल, खाण बंद होऊ नये, नाहीतर पोरानं कुठे जायचं?

आता हळूहळू खोलीत परत या. ओंजळ सोडा. जायचा विचार अजून टिकून असेल तर सुट्ट्यांचं कॅलेंडर बघण्याआधी तिथे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला फोन करा. आम्ही अमुक करू असं सांगू नका. माणसं हवीत का, कशाला हवीत, कधी हवीत, का त्याऐवजी प्रवासाचे पैसेच पाठवू, असं विचारा. उत्तर ‘मे महिन्यात नको, दिवाळीनंतर या, आणि आठ जण नको, हिशोब लिहिता येणारा एकच द्या’ असं आलं, तर रजेचा अर्ज त्या तारखांचा टाका, आणि ग्रुपमधल्या बाकी सात जणांना तसं कळवा.