शिशिरांतील चाफा

पौष महिन्यांत ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथील एखाद्या अंगणांत उभें राहून पाहिलें असतां मनास थोडा विस्मय वाटतो. येथें कांहीं बर्फ पडत नाहीं. पहाटेचा गारवा ऊन वर येतांच ओसरतो. तरीहि कांहीं झाडें पानें टाकून उघडीं उभीं राहतात. येऊरच्या डोंगरांतील काटेसावर अशी, आणि आमच्या अंगणांतील पांढरा चाफाहि असाच.

या चाफ्यानेंच आम्हांस एका प्रश्नांत पाडलें. आमच्या इमारतीपुढील जागा थोडी. एका हिवाळ्यांत रहिवाशांच्या बैठकींत कोणीसें म्हणालें, "झाड वठलें आहे, काढून टाकावें." आम्हीं विरोध केला नाहीं. त्या सुजलेल्या बोटांसारख्या फांद्या आम्हांसहि अमंगळ वाटत होत्या. शहरांच्या हद्दींत परवानगीवांचून झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्यानें मनाई आहे. म्हणून अर्जाचा मसुदाहि आम्हींच लिहिला. तो देण्यापूर्वीं सहज माळ्यास विचारलें. त्यानें कांहीं न बोलतां सालीस नख लावलें. तत्काळ पांढरा चीक ओघळला. त्या थेंबापुढें आम्हीं मान खालीं घातली.

तेव्हांपासून प्रश्न असा कीं, जें झाड वर्षांतील बहुतेक महिने सावली व फुलें देतें, त्यानें दोन-तीन महिने कांहींच दिलें नाहीं, तर त्याचा उभें राहण्याचा हक्क संपतो काय?

कोणी म्हणेल, शहरांत चार हातांची जागा. तींत बारमाही शोभा मागितली तर तो लोभ कसा? हें म्हणणें हसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. कालिदासानेंहि मेघदूतांत अलकानगरींतील स्त्रियांस कमळ, कुंद, लोध्र, कुरबक, शिरीष आणि कदंब अशीं साही ऋतूंचीं फुलें एकाच वेळीं ल्यावयास दिलीं आहेत. परंतु अलका ही यक्षांची नगरी. तेथें एका फुलास दुसऱ्यासाठीं जागा सोडावी लागत नाहीं. मर्त्यभूमीवर मात्र एकाचें फुलणें पुष्कळदां दुसऱ्याच्या सोडण्यावर अवलंबून असतें.

हें आम्हीं पुढच्याच वर्षीं पाहिलें. कार्तिकांत चाफ्याच्या बुंध्याशीं शेवंतीच्या कुंड्या मांडल्या. कुंपणालगत कुंद आणि कोरांटी लावली. पावसाळ्यांत जेथें सावली होती, तेथें मार्गशीर्षांत भरपूर ऊन पडूं लागलें. चाफ्यानें पानें टाकलीं नसतीं, तर त्या शेवंतीस तें मिळालें नसतें. एक कुंडी मात्र कळी धरीना. ती रात्रभर जळणाऱ्या जिन्याच्या दिव्याखालीं होती. शेवंतीस फुलण्यासाठीं लांब आणि अखंड रात्र लागते. दिवसरात्रीच्या लांबीचा फुलण्याशीं असलेला हा संबंध गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० मध्यें मांडला. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यांत हलविली, तेव्हां कांहीं आठवड्यांनीं तीहि फुलली. ज्या काळोखास आम्ही हिवाळ्याची उणीव समजत होतों, तोच तिचा आधार होता.

येथें मनांतील एक चोरी सांगितली पाहिजे. त्या कुंड्या मांडतांना आमचा हेतु चाफ्याशीं न्याय करण्याचा नव्हता. त्याचें उघडेपण झांकण्याचा होता. माघांत शेवंती ओसरली आणि चाफा तसाच राहिला, तेव्हां ही लबाडी आमच्या ध्यानांत आली. शेजारीं दुसरें फूल आहे म्हणून ज्याचें असणें आपण सहन करितों, त्याचा आपण मान राखला असें होत नाहीं. घरांतील थकलेल्या माणसांशींहि आपण पुष्कळदां असेंच वागतों. त्यांच्या खोलींत नवे पडदे लावतों, आणि त्यांच्याजवळ घटकाभर बसण्याचें मात्र टाळतों.

म्हणून हिवाळ्यांतील बागेस शोभा आणूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. शेवंती, कुंद, कोरांटी अवश्य लावावीं. परंतु त्यांची योजना निष्पर्ण झाडास झांकण्यासाठीं नसावी. त्यानें मोकळें केलेलें ऊन वाया जाऊं नये, यासाठीं असावी. या दिवसांत चाफ्यास फार पाणीहि द्यावयाचें नसतें. दिल्यास तो कुजतो. त्याच्याविषयींचें आपलें कर्तव्य एवढेंच कीं, त्यास त्याच्या ऋतूंत राहूं द्यावें. हातांत कांहीं काम नसतां निष्ठा ठेवणें हें कर्तव्यांतील कठीण कर्तव्य आहे, आणि आम्ही तें अजून शिकत आहों.