अठरा फुटांची केबल

अँटेनाची केबल अठरा फुटांचीच हवी, आणि जास्तीची उरली तर कापू नका, गुंडाळून ठेवा. सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओवाल्यांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओ मंडळींत त्याचंच थोडं शिकलेलं रूप भेटतं: केबल अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापा. गंमत म्हणजे आपल्याकडे विनापरवाना सीबीला मुभा आहे ती ५ वॅटपर्यंत आणि संचातच बसवलेल्या अँटेनाला. तिथे केबलचा प्रश्नच येत नाही. सल्ला मात्र सीमा ओलांडून आला.

अठराचा आकडा आला कुठून? २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ मीटर. तिचं अर्धं साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. पण हे हवेतलं गणित झालं. आरजी-५८ केबलच्या पॉलिथिनमधून तरंग प्रकाशाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने जातो, त्यामुळे अर्धी तरंगलांबी बारा फुटांतच संपते. अठरा फुटांत पाऊण तरंग बसतो. नियम स्वतःच्याच हिशेबात नापास होतो.

तरीही तो निव्वळ भाकड नाही. सुरुवातीच्या हॅमकडे ही मधल्या तारेभोवती जाळी असलेली केबल, म्हणजे कोअ‍ॅक्स नव्हती. हेविसाइडने तिचं पेटंट १८८० मध्येच घेतलं होतं, एस्पेनशीड आणि अ‍ॅफेल यांना आधुनिक रूपाचं पेटंट १९३१ मध्ये मिळालं. पण ती हॅमच्या हाती स्वस्तात पडली दुसऱ्या महायुद्धानंतर, लष्कराच्या उरल्यासुरल्या मालातून. त्याआधी दोन उघड्या समांतर तारा अँटेनापर्यंत नेत. झेपेलिन वायुनौकांवरून नाव पडलेल्या ‘झेप’ अँटेनात तर त्या तारांची लांबी जुळणीचाच भाग होती. तिथे फूट मोजणं योग्यच होतं. पुढे तार बदलली, सवय राहिली. १९७० च्या दशकात अमेरिकेत ट्रकवाल्यांमुळे सीबीची लाट आली, तेव्हा गणित गळून नुसता आकडा उरला.

आकडा टिकला, कारण तो पाळून ‘फरक पडतो’. अँटेना आणि केबल दोन्ही ५० ओहमची असतील, तर लांबी बदलून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या लाटेचं माप) बदलायला नको. बदलत असेल, तर बहुधा केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह परत येतो आहे आणि केबल स्वतःच अँटेना झाली आहे. मग दोन फूट कमी-जास्त केले की मीटर हलणारच. उरलेली केबल गुंडाळली की ते वेटोळं चोक होऊन हा प्रवाह अडवू शकतं. उपाय लागू पडतो आणि श्रेय लांबीला जातं!

दुसरी फसवणूक मीटरच्या जागेची. तो बसतो रेडिओजवळ. १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ सुमारे ६ डेसिबल खाते: १० वॅट सोडले तर वर पोचतात अडीच. परतणारी लाटही तेवढीच झिजते, म्हणून अँटेनापाशी ३ असलेला एसडब्ल्यूआर खाली १.३ दिसतो. वरची अँटेना काढूनच टाका; मीटर तरीही १.७ च्या आसपास दाखवेल. वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून ‘क्यूएसटी’ मासिकात लेखमाला लिहून परावर्तनाबद्दलचे असेच गैरसमज एकेक करून दूर केले. कमी एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली अँटेना, हे समीकरण मात्र अजून तोंडी आहे.

अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापुरात बसून पाहिलं तर लांबीचा खरा प्रश्न कळतो. उत्तरेला जळगावकडचा मोकळा मुलूख, दक्षिणेला डोंगर आडवा. संभाजीनगरकडे व्हीएचएफवर बोलायचं तर अँटेना उंच न्यावी लागणार, आणि उंचीबरोबर केबल लांबणार. इथे अठरा-छत्तीसचा हिशेब कामाचा नाही. प्रत्येक मीटरला किती शक्ती जाते, एवढंच पाहायचं. दोन अँटेना एका तालात जोडायच्या असतील किंवा केबलच्या तुकड्यानेच जुळणी साधायची असेल, तिथे मात्र लांबी काटेकोर हवी, आणि तीही केबलमधला वेग धरून.

एरवी रेडिओपासून अँटेनापर्यंत लागेल तेवढीच केबल घ्या, परवडेल तेवढी जाड घ्या, अँटेनाच्या बुडाशी चोक बसवा आणि एकदा तरी मीटर वर नेऊन अँटेनापाशी मोजा.