पाप कोणाचे?

शास्त्रपाठ : योहान ९:१-७, यहेज्केल १८:१-४



जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? त्यांना त्याचा कळवळा आला असे शास्त्र सांगत नाही. दोष कोणाच्या माथी मारावा, एवढेच त्यांना ठरवायचे होते.

हाच प्रश्न मी आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात एका घरच्या प्रार्थनेनंतर ऐकला. नऊ वर्षांचा मुलगा हातापायांच्या वेदनेने कण्हत होता. डोळे पिवळट झाले होते. डॉक्टरांनी सिकलसेल सांगितला होता. आजी मला अंगणात म्हणाली, "भाऊ, हे आमच्या घरातलं नाही. सुनेच्या माहेरचं आहे. त्यांनी काय पाप केलं, ते देवालाच ठाऊक." सून दाराशीच उभी होती. तिने ते ऐकले. मीही ऐकले आणि गप्प राहिलो. ते मौन मला अजून बोचते.

तर हा आजार काय आहे? आपल्या शरीराची घडण जनुकांत लिहिलेली असते. ते लिखाण पिढ्यान्‌पिढ्या उतरवले जाताना क्वचित एखादे अक्षर बदलते. त्याला जनुकीय उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही, काहींनी फार बिघडते. रक्तातील हिमोग्लोबिनच्या जनुकात असे एकच अक्षर बदलले की गोल, मऊ तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि असह्य वेदना उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त राहत नाही. आमच्याकडील गोंड, कोलाम, परधान समाजांत, तसेच शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार आढळतो. पण तो एकाच जातीचा नाही.

आता नीट ध्यानात घ्या. हा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते. एकाकडूनच आले तर मूल केवळ वाहक होते. वाहक सहसा धडधाकट असतो, त्याला ठाऊकही नसते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. म्हणजे "सुनेच्या माहेरचे" हे बोलणे निव्वळ असत्य आहे. ती शेजाऱ्याविरुद्ध, नव्हे, घरच्या लेकीविरुद्ध खोटी साक्ष आहे. नववी आज्ञा इथेही लागू आहे.

कोणी म्हणेल, निर्गम २०:५ मध्ये बापाच्या अन्यायाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते असे नाही का? होय. बापाच्या दारूचे आणि कर्जाचे भोग लेकरे भोगतात, हे आपण पाहतोच. परंतु प्रत्येक दुखणे ही शिक्षाच आहे, असे ते वचन म्हणत नाही. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा चालू द्यायची नाही, असे देवाने यहेज्केलाच्या द्वारे बजावले. ती आपल्या मंडळीत का चालावी?

अँथनी ॲलिसन ह्या डॉक्टरांनी १९५४ साली दाखवले की ह्या जनुकाच्या वाहकाला हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे हिवतापाच्या रानांत ज्यांनी तग धरला, त्यांच्याच रक्तातून हे जनुक आपल्यापर्यंत आले. ते शापाचे चिन्ह नाही. तरी हे ऐकून आजारी लेकराची वेदना कमी होत नाही, आणि "मलाच का?" ह्या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नाही. प्रभूनेही कारणांची चर्चा केली नाही. ह्याच्या ठायी देवाची कार्ये दिसावीत असे सांगून तो खाली वाकला व त्याने माती कालवली.

आपल्यासाठी ती माती कोणती? पहिली, रक्ताची तपासणी. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. तरुणांनो, लग्न ठरण्याआधीच तपासणी करून घ्या. एक वाहक आणि एक निर्दोष असल्यास त्यांच्या मुलाला हा आजार होत नाही. म्हणून वाहक आहे एवढ्यावरून मुलगी नाकारू नका, आणि कोणाचा निकाल मंडळीत चर्चेला आणू नका.

दुसरी, उपचार. डॉक्टर हायड्रॉक्सियुरियासारखे औषध देतात, त्याने वेदनेचे झटके कमी होतात. प्रार्थना केली म्हणून औषध बंद करू नका. त्या आंधळ्यालाही शिलोहाच्या तळ्यापर्यंत चालत जावे लागले होते.

तिसरी, रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी. अशा मुलाला आळशी म्हणू नका. त्याला वरचेवर पाणी पिऊ द्या, थंडीत बाहेर बसवू नका. ताप आला तर घरच्यांना लगेच सांगा, दवाखान्यास उशीर नको.

पुढे मी त्या घरी पुन्हा गेलो आणि आजीला हे सारे सांगितले. तिला पटले की नाही, ठाऊक नाही. पण प्रार्थनेच्या वेळी तिने सुनेला दारातून आत बोलावून आपल्याशेजारी बसवले.

एक अवयव दुखावला तर सर्व अवयव दुखावतात (१ करिंथ १२:२६). प्रभू आपल्याला दोष शोधणारे डोळे नव्हे, माती कालवणारे हात देवो. आमेन.